तपास करता करता जीव जडला तर : हे सिनेमे बघायला सुरुवात कशी करावी

डिटेक्टिव्ह म्हटलं की आपल्याला आधी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आठवतात, मग दूरदर्शनवरचा गाजर खाणारा करमचंद, मग रजित कपूरचा व्योमकेश. या मंडळींचं एक बरं असतं. खुनी सापडला की विषय संपतो, डिटेक्टिव्ह आपला मोकळा. आज ज्या सिनेमांबद्दल लिहितोय, तिथे तपास करणाऱ्याचाच जीव कुठेतरी अडकलेला असतो. कधी मेलेल्या बाईत, कधी संशयित बाईत, कधी पंचवीस वर्षांपूर्वी जिच्याशी बोलायचं राहून गेलं त्या सहकारी बाईत. केस कधी सुटते, कधी नाही. ते माणूस मात्र सहसा हाती लागत नाही.

नवा प्रेक्षक हे सिनेमे 'खून कुणी केला' एवढ्यासाठी बघायला बसतो आणि अर्ध्यावर कंटाळतो. कारण यातल्या बऱ्याच सिनेमांत रहस्य तसं बेताचंच असतं. 'व्हर्टिगो'मधला मूळ कट तर प्रत्यक्षात कुणी आखला असता, तर पहिल्याच दिवशी फसला असता. म्हणून माझी पद्धत वेगळी आहे. खुनी शोधू नका, तपास करणाऱ्याची पहिली चूक शोधा. चांगला, अनुभवी, कामात चोख माणूस नेमक्या कुठल्या क्षणी आपल्या धंद्याचा नियम मोडतो? प्रेम तिथे सुरू झालेलं असतं, भले त्याला स्वतःला ते अर्ध्या तासाने कळो.

आधीची तयारी

सिनेमाबद्दल काहीही वाचू नका. यूट्यूबवर 'शेवट समजून घ्या' छापाचे व्हिडिओ असतात, त्यांच्या शीर्षकातच सगळं फुटलेलं असतं. पोस्टरखालचा दोन ओळींचा सारांशही टाळा. मी इथे जे सांगणार आहे ते पहिल्या तासाभरातलं, पुढचं राखून ठेवलंय.

सबटायटल्स चालू ठेवा, सिनेमा इंग्रजी असला तरी. चाळीसच्या दशकातले अमेरिकन नट भराभर बोलतात आणि अर्धी गंमत टोमण्यांत असते. ब्लॅक अँड व्हाइट सिनेमाची रंगवलेली आवृत्ती दिसली तर ती सोडून द्या. या सिनेमांत सावल्यांना काम दिलेलं असतं, रंग भरले की त्या नुसत्या काळपट दिसतात.

शिवाय एक वही घ्या. पानाचे दोन भाग करा. एकीकडे 'पुरावा', दुसरीकडे 'ओढ'. डिटेक्टिव्ह जे बघतो, विचारतो, उचलतो ते पहिल्या रकान्यात. जे बघायची गरज नव्हती तरी बघितलं, जिथे जायचं कारण नव्हतं तरी गेला, ते दुसऱ्यात. शाळकरी वाटेल, पण पहिल्या दोन-तीन सिनेमांना तरी करून बघा. नंतर वहीची गरज लागत नाही.

सुरुवात 'लॉरा'पासून

ओटो प्रेमिंजरचा 'लॉरा' १९४४ चा आहे आणि जेमतेम दीड तासाचा. न्यूयॉर्कमध्ये लॉरा हंट नावाच्या जाहिरात क्षेत्रातल्या देखण्या बाईचा खून झालाय. मार्क मॅकफर्सन हा पोलीस डिटेक्टिव्ह (डॅना अँड्र्यूज) तपासाला येतो. तिचा वयस्कर, कुजकट बोलणारा लेखक मित्र वॉल्डो लायडेकर आणि तिचा होणारा नवरा शेल्बी हे दोघे मुख्य संशयित. लॉराच्या घरात भिंतीवर तिचं मोठं चित्र लावलेलं आहे.

मॅकफर्सनच्या खिशात एक छोटा खेळ असतो, बारीक गोळ्या हलवून खड्ड्यांत बसवायचा, बेसबॉलचा. समोरचा माणूस बडबडत असताना तो मान खाली घालून तोच खेळत बसतो. लोक चिडतात. तो म्हणतो, याने डोकं शांत राहतं. हे वहीत टिपून ठेवा. कारण पुढे एका रात्री हा माणूस एकटाच लॉराच्या घरी जातो. तपासाचं काम म्हणाल तर तिथलं बरंचसं आधीच उरकलंय. तो तिची पत्रं चाळतो, खण उघडतो, अत्तराची बाटली हुंगतो, दारू ओतून घेतो आणि त्या चित्राखालच्या खुर्चीत बसतो. या दृश्यात कुणी 'प्रेम' हा शब्द उच्चारत नाही. दिसतो तो फक्त एक अस्वस्थ पोलीसवाला आणि मागे वाजणारी डेव्हिड रॅक्सिनची धून. तुमचा दुसरा रकाना इथे भरून वाहायला लागेल. लायडेकरच्याही ते लक्षात येतं आणि तो डिटेक्टिव्हला तोंडावर ऐकवतो.

त्या धुनेची गोष्ट रॅक्सिन स्वतः सांगत असे. प्रेमिंजरला जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं एक तयार गाणं वापरायचं होतं. रॅक्सिनने ते नको म्हटलं, तेव्हा त्याला शनिवार-रविवारची मुदत मिळाली. सूर काही केल्या सुचेना. खिशात बायकोचं पत्र होतं, नीट न वाचलेलं. ते पियानोवर समोर ठेवून वाचताना लक्षात आलं की बाई आपल्याला सोडून चालली आहे, आणि धून हाताला लागली. आणि ते चित्र? ते चित्रच नव्हे. लॉरा झालेल्या जीन टिअर्नीचा फोटो मोठा करून त्यावर वरवर रंगाचे हात मारले होते. म्हणजे डिटेक्टिव्ह ज्याच्यावर भाळतो ते धड चित्रही नाही. मला हे फार आवडतं.

सिनेमाच्या साधारण मध्यावर एक वळण आहे. त्याबद्दल गप्प बसतो. तिथे थांबवा, चहा करा, वहीत लिहा : आता या माणसाला खरोखर खुनी सापडायला हवाय का?

मग 'आउट ऑफ द पास्ट'

हा १९४७ चा, दिग्दर्शक जाक तूर्नर. जुगाराच्या धंद्यातल्या एका बड्या माणसावर त्याच्या बाईने गोळी झाडली आणि ती चाळीस हजार डॉलर घेऊन पळाली. तिला शोधायला तो खासगी डिटेक्टिव्ह नेमतो, म्हणजे रॉबर्ट मिचम. मिचमला ती मेक्सिकोत अकापुल्कोला सापडते आणि तो गिऱ्हाइकालाच थाप मारतो. चूक इथे इतकी उघड आहे की पकडायला काही कष्ट नाहीत. म्हणूनच हा सिनेमा दुसऱ्या नंबरला ठेवलाय.

त्यातून शिकायचं ते वेगळंच. ही अकापुल्कोची गोष्ट आपल्याला सांगतो तो स्वतः मिचम, रात्री गाडीत, शेजारी बसलेल्या नव्या प्रेयसीला. आता विचार करा. आपली बाजू सांगणारा माणूस नव्या मुलीला जुन्या मुलीबद्दल काय सांगेल आणि काय गाळेल? 'लॉरा'चीही सुरुवात लायडेकरच्या आवाजात होते, तेव्हा तिथेही आपण आधी त्याची लॉरा बघतो. व्हेरा कॅस्परीच्या मूळ कादंबरीत निवेदन वाटून दिलेलं आहे आणि एक भाग लॉराच्या स्वतःच्या तोंडी आहे. सिनेमाने नेमका तोच गाळला. म्हणून कुठल्याही असल्या सिनेमात पहिल्या दहा मिनिटांत स्वतःला विचारा, हे सांगतंय कोण? आणि जिच्याबद्दल सांगतंय तिला बोलायला मिळालंय का? बहुतेक वेळा मिळालेलं नसतं. या प्रकारच्या सिनेमांवर माझा मोठा आक्षेप तोच आहे.

आता 'व्हर्टिगो', पण घाई न करता

पहिलाच 'व्हर्टिगो' बघून 'हे काय, इतकं संथ' म्हणणारे पुष्कळ भेटतात. चूक त्यांची नाही, क्रम चुकलेला असतो. हिचकॉकचा हा सिनेमा १९५८ चा. तेव्हा समीक्षकांनी त्याचं फारसं कौतुक केलं नाही. मधली बरीच वर्षं तो कुठे बघायलाही मिळत नव्हता. २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षक-कौलात त्याने 'सिटिझन केन'ला खाली ओढून पहिला नंबर घेतला. २०२२ च्या कौलात तो दुसरा आला. नंबरांचं दडपण घेऊ नका.

सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस डिटेक्टिव्ह स्कॉटी (जेम्स स्ट्युअर्ट). छपरांवरून पाठलाग करताना उंचीची भीती उघडी पडते आणि तो नोकरी सोडतो. जुना कॉलेजमित्र म्हणतो, माझी बायको मॅडलिन विचित्र वागते, जरा तिच्या मागावर राहा. स्कॉटी नाही म्हणतो. मग लाल भिंतींच्या एका रेस्टॉरंटमध्ये तिला नुसतं बघून यायला कबूल होतो. काळ्या पोशाखावर हिरवी शाल घेतलेली किम नोव्हाक त्याच्या अगदी जवळून जाते, क्षणभर थांबते, चेहरा एका बाजूने दिसतो. बस. पुढच्या दृश्यात स्कॉटी तिच्या गाडीच्या मागे आहे. हो म्हटल्याचं दृश्य सिनेमात नाहीच!

नंतरचा पाठलाग बराच वेळ संवादाशिवाय चालतो आणि नवखे इथेच मोबाईल हातात घेतात. नका घेऊ. हा भाग सगळ्यात नीट बघायचा. ती एका गल्लीत गाडी लावून मागच्या दाराने कुठेतरी शिरते. स्कॉटी मागोमाग अंधाऱ्या खोलीतून जाऊन दार किलकिलं करतो, तर समोर फुलांचं लख्ख दुकान. दाराला आरसा आहे. पडद्यावर एका बाजूला आरशातली ती, दुसऱ्या बाजूला फटीतून बघणारा तो. मग जुन्या मिशन चर्चच्या आवारातली एक कबर. मग कलासंग्रहालय. तिथे ती एका चित्रासमोर बसून राहते. कॅमेरा आधी तिच्या शेजारच्या छोट्या पुष्पगुच्छावर जातो, मग चित्रातल्या तशाच गुच्छावर, मग तिच्या अंबाड्याच्या पिळावर, मग चित्रातल्या बाईच्या अंबाड्यावर. स्कॉटी पुरावा जुळवतोय असं त्याला वाटतं. तुमच्या वहीत हे कुठल्या रकान्यात लिहाल? मला आजही दोन्हीकडे लिहावंसं वाटतं आणि हिचकॉकची खरी करामत तीच आहे.

धंद्यातली ढळढळीत चूक पुढे येते. ती गोल्डन गेट पुलाजवळ पाण्यात उडी घेते. तो तिला बाहेर काढतो आणि आपल्या घरी नेतो. ना दवाखाना, ना नवऱ्याला फोन. स्वयंपाकघरात दोरीवर तिचे ओले कपडे वाळत घातलेले दिसतात आणि ती त्याचा गाऊन घालून शेकोटीपाशी येते. फोन वाजतो तो नवऱ्याचा, त्याने आपणहून केलेला.

शेवटाच्या जवळपास अर्धा तास आधी हिचकॉक सगळं गुपित प्रेक्षकाला सांगून टाकतो. स्कॉटीला मात्र ते माहीत नसतं. रहस्यपट म्हणून बघणारा इथे हिरमुसतो. तुम्ही मात्र इथून पुढे स्कॉटीऐवजी फक्त किम नोव्हाककडे बघा. तिला काय माहीत आहे, ती काय सहन करते, एखादा पोशाख नाकारताना तिचा चेहरा कसा होतो. आणि स्कॉटीवर मनापासून प्रेम करणारी मिज नावाची मैत्रीण सिनेमातून कधी नाहीशी होते तेही बघा. तिच्याबद्दल स्कॉटी एकदाही विचारत नाही.

पुढच्या महिन्यात कधीतरी हा सिनेमा पुन्हा बघा, या वेळी पहिल्यापासून तिच्या बाजूने. तेव्हा तो संथ वाटत नाही.

वही मिटून 'डिसिजन टू लीव्ह'

पार्क चान-वूकचा हा कोरियन सिनेमा २०२२ चा, त्यासाठी त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. बुसान शहरातला डिटेक्टिव्ह हे-जुन (पार्क हे-इल) याला झोप येत नाही. न सुटलेल्या केसेसचे फोटो त्याने भिंतीवर लावून ठेवलेत. बायको दुसऱ्या गावी नोकरीला, शनिवार-रविवारचा संसार. एक माणूस डोंगरावरून पडून मेलाय. त्याची तरुण बायको सो-रे (तांग वेई) चीनमधून आलेली, म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याचं काम करते. नवरा गेल्याचं तिला पुरेसं दुःख झालेलं दिसत नाही, म्हणून संशय.

इथे पहिली चूक म्हणजे जेवण. चौकशीच्या खोलीत हे-जुन संशयित बाईसाठी चांगली, महागातली सुशी मागवतो. दोघं खातात आणि खाऊन झाल्यावर न बोलता टेबल आवरायला लागतात. एक डबा उचलतो, दुसरा पुसतो, हात एकमेकांच्या आड येत नाहीत. वीस वर्षं संसार केलेल्या जोडप्याला जमावं तसं. संपूर्ण सिनेमातलं प्रेमदृश्य म्हणाल तर तेच.

मग तो रात्री गाडीत बसून दुर्बिणीतून तिच्या घरावर पाळत ठेवतो आणि मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात टिपणं बोलून ठेवतो : रात्रीच्या जेवणाला आइस्क्रीम खाल्लं, वगैरे. पार्क चान-वूक त्याला एकदम तिच्याच खोलीत, तिच्या शेजारी उभा करून टाकतो. पहिल्यांदा बघताना गोंधळ उडतो, म्हणून आधीच सांगतो : तो तिथे नाहीये, तो गाडीतच आहे.

सो-रे मोडकं, जरा पुस्तकी कोरियन बोलते आणि मनातलं खोल काही सांगायचं असलं की चिनीत बोलून फोनला भाषांतर करायला लावते. फोनच्या कोरड्या आवाजात ते ऐकताना हे-जुनचा चेहरा बघा. सबटायटल वाचण्याच्या नादात हा भाग निसटतो, तेव्हा मागे नेऊन पुन्हा बघायला लाजू नका. मध्यावर एक मोबाईल पुरावा म्हणून येतो. हे-जुन त्याचं काय करायला सांगतो ते लक्षात ठेवा, कारण सिनेमाचा दुसरा भाग त्या एका वाक्यावर उभा आहे.

पाळी अर्जेंटिनाची

'द सिक्रेट इन देअर आईज' (२००९, दिग्दर्शक हुआन होसे काम्पानेया) खरं तर सगळ्यांना आवडतो, म्हणून थोडक्यात. ऑस्कर मिळालेला अर्जेंटिनाचा हा दुसरा सिनेमा. बेंहामिन एस्पोसितो (रिकार्दो दारिन) न्यायालयात तपासाचं काम करणारा, आता निवृत्त. १९७४ मधल्या एका तरुणीच्या खुनाची केस त्याला सोडत नाही, म्हणून तो तिच्यावर कादंबरी लिहायला घेतो. त्याची वरिष्ठ इरेने हीसुद्धा त्याला सोडत नाही, ते मात्र तो लिहायला धजत नाही.

जुन्या फोटोंच्या अल्बममध्ये बेंहामिनच्या ध्यानात येतं की एक तरुण प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याऐवजी त्या मुलीकडे बघतोय. माग तिथून लागतो. पुढे इरेनेच्या साखरपुड्याचा एक फोटो येईल. त्यात कोण कुणाकडे बघतंय ते स्वतः शोधा. इथे बेंहामिनची चूक अशी की त्याने काही केलंच नाही. फुटबॉलच्या मैदानातला, आकाशातून गर्दीत उतरणारा जवळपास पाच मिनिटांचा सलग शॉट सगळे दाखवतात. मी म्हणेन, 'A' न उमटणाऱ्या टाइपरायटरवर लक्ष ठेवा. आणि रेल्वे फलाटावरचा निरोप बघताना ध्यानात असू द्या की हा कादंबरीतला मजकूर आहे, लिहिणारा बेंहामिन आहे. गाडीत मिचम होता तसाच.

शेवट पचवायचे असतील तर

सुखान्ताची सवय असलेल्याला हे शेवट कडू लागतात. 'द थर्ड मॅन' (१९४९) एकदा बघून घ्या. युद्धानंतरच्या व्हिएन्नात मित्राच्या मृत्यूचा छडा लावणारा लेखक मित्राच्याच प्रेयसीत गुंततो. पटकथाकार ग्रॅहम ग्रीनला शेवट गोड हवा होता, दिग्दर्शक कॅरल रीडने ऐकलं नाही. पुढे ग्रीननेच लिहून ठेवलं की रीडचं बरोबर होतं. तो शेवटचा शॉट किती वेळ चालतो तेवढा मोजा. शेरलॉक होम्सचे चाहते असाल तर बिली वाइल्डरचा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स' (१९७०) आहे. तीन तासांहून मोठा सिनेमा स्टुडिओने दोन तासांवर आणला, तरीही होम्सची फसगत आणि त्याचं न बोलणं जागच्या जागी लागतं.

आपल्याकडचं

आपल्याकडे याच वाटेवरचा एक मराठी सिनेमा आहे, राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४). काशिनाथ घाणेकर वकील. बायको गेलेली. आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसते, म्हणते मीच तुमची बायको. राज खोसलांनी दोन वर्षांनी त्याचाच 'मेरा साया' केला, सुनील दत्त आणि साधनाला घेऊन. तिथे वहीचे दोन्ही रकाने एकत्र होतात, कारण नवरा-बायकोतल्या खासगी गोष्टीच कोर्टात पुरावा म्हणून मांडल्या जातात आणि उलटतपासणी घेणारा नवरा असतो. जिच्यासाठी झुरतोय तीच समोर उभी आहे असं कानाला पटतं, डोक्याला पटत नाही. 'मेरा साया'ची गाणी घरोघरी पोचली, पण गदिमांची 'या डोळ्यांची दोन पाखरे' आधी ऐका, आशाबाईंच्या आवाजात. सावलीसारखा पाठलाग करणारी ती बायको मुळात या गाण्यात आहे. आधी मराठी बघा, मग हिंदी.

इतकं झाल्यावर 'चायनाटाउन' (१९७४) आणि तमिळमधला कमल हासनचा 'वेट्टैयाडु विळैयाडु' (२००६) आपापले बघता येतील, त्यांना वाटाड्याची गरज नाही. अर्जेंटिनाच्या सिनेमाचा २०१५ मध्ये हॉलिवूडने मोठमोठे नट घेऊन रीमेक केला. तो मात्र नाही बघितला तरी चालेल.